भूल कोण देणार? मिरकरवाड्याच्या मच्छीमार कुटुंबांना खुले पत्र

प्रति,
मिरकरवाडा बंदरातील नौकामालक, तांडेल, खलाशी, मासळी विकणाऱ्या भगिनी आणि त्यांचे सर्व कुटुंबीय,
रत्नागिरी.



घरातील कोणाची शस्त्रक्रिया ठरली की शल्यचिकित्सक कोण, त्यांच्या हाताला गुण कसा आहे, खर्च किती येईल आणि माणूस पुन्हा नौकेवर केव्हा चढू शकेल, याची चौकशी बंदरावरचे प्रत्येक कुटुंब करते आणि ती करायलाच हवी; परंतु भूल कोण देणार, ते डॉक्टर रुग्णाला आधी तपासणार आहेत की नाही आणि शस्त्रक्रिया संपल्यावर रुग्णाजवळ कोण थांबणार आहे, हे प्रश्न जवळजवळ कधीच विचारले जात नाहीत. न विचारलेल्या या प्रश्नांची किंमत शस्त्रक्रियागृहाच्या दाराआड मोजावी लागते आणि ती बहुतेक वेळा रुग्णच मोजतो, म्हणून हे पत्र लिहिले जात आहे. त्यात काही तक्रारी आहेत, त्याहून अधिक विनंत्या आहेत, आणि आपण त्या रागाने वाचू नयेत एवढीच आरंभीची अपेक्षा आहे.

भूलतज्ज्ञ एक इंजेक्शन देतात आणि निघून जातात, हा समज सर्वांत जुना आणि सर्वांत घातक आहे. भूलतज्ज्ञ हे पूर्ण शिक्षण घेतलेले डॉक्टर असतात. एमबीबीएसनंतर भूलशास्त्रात तीन वर्षांची एमडी किंवा दोन वर्षांची पदविका पूर्ण करून ते तज्ज्ञ होतात. संपूर्ण भूल, म्हणजे जिच्यात रुग्णाची शुद्ध हरपते ती भूल, देताना वापरली जाणारी औषधे झोप तर आणतातच, पण त्याबरोबर श्वास मंदावतात किंवा थांबवतात, रक्तदाब उतरवतात, आणि स्नायू सैल करणारे औषध दिल्यावर रुग्णाला श्वास घेणे, खोकणे किंवा गिळणे यांपैकी काहीच स्वतःहून करता येत नाही. त्यासाठी भूल देण्यापूर्वी तोंडावर मास्क धरून सुमारे तीन मिनिटे निव्वळ प्राणवायू दिला जातो, कारण फुप्फुसांत एरवी भरलेल्या नायट्रोजनची जागा प्राणवायूने घेतली, तर श्वास थांबल्यावरही धडधाकट माणसाच्या रक्तातील प्राणवायू काही मिनिटे टिकतो आणि श्वासनलिकेत नळी घालण्यास तेवढाच अवधी हाती असतो. नळी श्वासनलिकेत गेली की चुकून अन्ननलिकेत, याचा निवाडा केवळ नजरेवर सोडला जात नाही. उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइड मोजणाऱ्या कॅप्नोग्राफ या यंत्राच्या पडद्यावर प्रत्येक श्वासागणिक आलेख उमटत राहिला, तरच नळी योग्य जागी आहे असे मानले जाते. पुढे शस्त्रक्रिया अर्ध्या तासाची असो वा सहा तासांची, हृदयाचे ठोके, रक्तदाब, बोटाला लावलेल्या पल्स ऑक्सिमीटरवरील प्राणवायूचे प्रमाण, वाहून गेलेले रक्त आणि शरीराचे तापमान यांवर सलग नजर ठेवून औषधांची मात्रा क्षणोक्षणी कमीजास्त करणे, हेच भूलतज्ज्ञाचे मुख्य काम असते. जाळे ओढण्यात सगळे खलाशी गुंतलेले असताना तांडेलाचे लक्ष जसे लाटेवर, वाऱ्यावर आणि इंजिनाच्या आवाजावर असते, तसे हे लक्ष असते, आणि ते एक मिनिटही दुसरीकडे वळलेले चालत नाही.

या समजाचाच धाकटा भाऊ म्हणजे ‘ऑपरेशन छोटेसेच आहे’ हे वाक्य. १६ ऑक्टोबर १८४६ रोजी बोस्टन येथे विल्यम मॉर्टन यांनी ईथरची भूल जाहीरपणे देऊन दाखवली आणि मार्च १८४७ मध्ये कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजात ती भारतात प्रथम वापरली गेली, म्हणजे ही विद्या भारतात पोचली तेव्हा जगातही ती जेमतेम पाच-सहा महिन्यांची होती; परंतु लगेचच, जानेवारी १८४८ मध्ये, इंग्लंडमध्ये पायाच्या बोटाचे नख काढण्यासाठी क्लोरोफॉर्म हे भुलीचे औषध दिलेली पंधरा वर्षांची मुलगी दगावली. नख काढण्याहून लहान शस्त्रक्रिया क्वचितच असेल. क्लोरोफॉर्मने मृत्यू येतो तो हृदय थांबून की श्वास थांबून, या वादाचा निकाल लावण्यासाठी १८८८ आणि १८८९ मध्ये हैदराबादेत दोन आयोग बसले, आणि त्या शहरातील डॉ. रूपाबाई फर्दुनजी या भारतातील पहिल्या महिला भूलतज्ज्ञ मानल्या जातात. शस्त्रक्रिया लहान असली तरी भूल लहान नसते, हे दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी कळलेले सत्य आजही प्रत्येक रुग्णालयाच्या व्हरांड्यात नव्याने सांगावे लागते, हे खेदाचे आहे.

रत्नागिरी जिल्ह्याला तर या विषयाची ओळख एका अत्यंत दुःखद खटल्याने करून दिलेली आहे आणि ती बंदरावरच्या प्रत्येकाला माहीत असायला हवी. मे १९५३ मध्ये गुहागरजवळच्या पालशेत येथे समुद्रकिनाऱ्यावर अपघात होऊन सुमारे वीस वर्षांच्या एका तरुणाच्या डाव्या मांडीचे हाड मोडले. गावातील डॉक्टरांनी लाकडी फळ्या बांधून पाय स्थिर केला, आणि तिसऱ्या दिवशी सुमारे दोनशे मैलांचा प्रवास करून त्याला पुण्यास नेण्यात आले. तेथे त्याला मॉर्फियाचे इंजेक्शन मिळाले, परंतु भूल न देताच, तीन सहायकांच्या मदतीने पाय जोराने ओढून हाड बसवण्यात आले, असा निष्कर्ष न्यायालयांनी पुढे काढला. त्याच रात्री त्या तरुणाचा मृत्यू झाला. मृत्यूचे कारण ‘शॉक’ असल्याचे ठरले. शॉक म्हणजे साधा धक्का नव्हे, तर तीव्र वेदना, रक्तस्राव किंवा अन्य कारणाने रक्ताभिसरण कोसळून मेंदू, हृदय आणि मूत्रपिंडे यांना पुरेसे रक्त न पोचण्याची अवस्था. मुलाचे वडील स्वतः डॉक्टर होते. त्यांनी लढवलेला हा दावा ‘लक्ष्मण बाळकृष्ण जोशी विरुद्ध त्र्यंबक बापू गोडबोले’ या नावाने सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, २ मे १९६८ रोजी डॉक्टरांचे अपील फेटाळले गेले आणि तीन हजार रुपयांची भरपाई कायम झाली. रुग्ण हाती घ्यावा की नाही, कोणते उपचार द्यावेत आणि ते कसे द्यावेत, या तिन्ही टप्प्यांवर डॉक्टरांनी वाजवी काळजी घेतली पाहिजे, हे या निकालाने सांगितले, आणि वैद्यकीय निष्काळजीपणाच्या भारतातील चर्चेत तो आजही आधाराला घेतला जातो.

हा इतिहास येथे सांगण्याचे कारण असे की, जाळे ओढणाऱ्या विंचच्या दोरात बोटे चिरडलेला किंवा खांदा निखळलेला माणूस रुग्णालयात आणला की सोबतच्या मंडळींकडूनच कित्येकदा आग्रह होतो: भुलीची भानगड नको, धरून ठेवतो, तसेच ओढून बसवा, तसेच टाके घाला. बंदरावरच्या माणसाची सोसण्याची ताकद मोठी असते हे निर्विवाद आहे, पण तोंडातून आवाज न काढणाऱ्या माणसाच्याही शरीरावर वेदनेचा परिणाम व्हायचा तो होतोच. रक्तदाब चढतो, हृदयावर ताण येतो आणि आधीच रक्त गेलेले असल्यास रक्तदाब कोसळण्याची वेळ जवळ येते. वेळ आणि पैसा वाचवण्यासाठी भूल टाळण्याचा आग्रह आपण कृपा करून सोडावा, आणि रुग्णाची प्रकृती भूल सोसण्याजोगी नाही असे भूलतज्ज्ञांनी सांगितले, तर प्रकृती सावरेपर्यंत थांबण्याचा त्यांचा सल्ला मानावा. त्यांच्या त्या ‘थांबा’ म्हणण्यामागे पालशेतच्या मुलासारखी कित्येक उदाहरणे उभी असतात.

आता पोटाविषयी, कारण भूलतज्ज्ञाशी सर्वाधिक खोटे याच बाबतीत बोलले जाते. शुद्ध हरपल्यावर खोकण्याची आणि गिळण्याची क्रिया बंद पडते. अशा वेळी पोटात अन्न असल्यास ते आम्लासह घशाशी येऊन फुप्फुसांत उतरू शकते, आणि त्यातून होणारी इजा प्राणघातक ठरू शकते. अमेरिकी प्रसूतितज्ज्ञ कर्टिस मेंडेलसन यांनी १९४६ मध्ये भूल दिलेल्या बाळंतिणींमधील या संकटाचे सविस्तर वर्णन केले, आणि उपाशीपोटी भूल हा नियम तेव्हापासून अधिकच काटेकोर झाला. ठरवून केलेल्या शस्त्रक्रियेपूर्वी हलक्या जेवणानंतर किमान सहा तास, तळलेल्या वा मटणाच्या जड जेवणानंतर आठ तास, आईच्या दुधानंतर चार तास आणि साध्या पाण्यानंतर दोन तास जाऊ द्यावेत, असा सर्वसाधारण दंडक आहे. एकादशीची साबुदाण्याची खिचडी पोटाच्या हिशेबात जेवणच असते, दुधाचा चहा पाण्यात मोजला जात नाही, आणि रमजानच्या महिन्यात सहरी किती वाजता झाली हे सांगणे आवश्यक असते. याउलट, लहान मुलाला रात्रीपासून दुपारपर्यंत पाण्याचा थेंबही न देणे ही दुसऱ्या टोकाची चूक आहे. मुलाला पाणी केव्हापर्यंत द्यावे, हे भूलतज्ज्ञांनाच विचारावे.

समुद्रावरील अपघाताच्या बाबतीत एक गोष्ट अधिक महत्त्वाची आहे आणि ती फारशी कोणाला ठाऊक नसते. गंभीर दुखापत झाली की वेदनेमुळे, भीतीमुळे आणि दिलेल्या काही वेदनाशामकांमुळे पोट रिकामे होण्याची क्रिया जवळजवळ थांबते; त्यामुळे जेवणानंतर शस्त्रक्रियेपर्यंत किती तास गेले यापेक्षा जेवण आणि अपघात यांच्यामध्ये किती वेळ गेला, हे अधिक निर्णायक ठरते. नौकेवर भात-कालवण जेवून अर्ध्या तासात ज्याचा हात विंचमध्ये सापडला, त्या खलाशाला किनाऱ्यास लागेपर्यंत आठ तास लोटले, तरी त्याचे पोट भरलेलेच आहे असे धरून भूलतज्ज्ञ तयारी करतात. म्हणून तांडेलांना विनंती अशी की, अपघात घडताच दोन वेळा कागदावर किंवा मोबाइलमध्ये टिपून ठेवाव्यात: शेवटचे जेवण केव्हा झाले आणि इजा केव्हा झाली. किनाऱ्याकडे येताना धीर यावा म्हणून जखमी माणसाला चहा, बिस्किटे किंवा दारू पाजण्याची जी रीत आहे, ती मायेपोटी आलेली असली तरी पूर्णपणे बंद व्हावी.

नौकामालकांविषयीची तक्रार येथेच नोंदवणे योग्य होईल. जखमी खलाशाला, विशेषतः नेपाळातून किंवा परराज्यातून आलेल्या खलाशाला, रिक्षात घालून त्याच्याबरोबर असा एखादा पोरगा पाठवला जातो की ज्याला त्या माणसाचे पूर्ण नावही माहीत नसते, मग त्याला दम्याचा त्रास आहे का, पूर्वी भूल दिली होती का, एखाद्या औषधाने अंगावर पित्त उठते का, हे कोठून माहीत असणार? त्याची भाषा जाणणारा आणि अपघात पाहिलेला माणूस सोबत यावा, आणि नौकेवर काम करणाऱ्या प्रत्येकाच्या आजारांची, चालू गोळ्यांची आणि घरच्या फोन क्रमांकाची नोंद मालकाकडे असावी, ही मागणी अवाजवी नाही. संमतिपत्राच्या बाबतीतही गैरसमज आहे. शुद्धीत असलेल्या सज्ञान रुग्णाच्या शस्त्रक्रियेला आणि भुलीला संमती त्याची स्वतःचीच लागते. मालकाने पैसे भरले म्हणून मालकाची सही त्याच्या सहीची जागा घेऊ शकत नाही. जिवावरचा प्रसंग असून रुग्ण बोलू शकत नसेल, तर डॉक्टर सहीसाठी खोळंबत नाहीत, हेही ध्यानात असू द्यावे.

लपवाछपवीची दुसरी मोठी जागा म्हणजे व्यसन. बहीण, बायको किंवा आई शेजारी उभी असताना ‘दारू घेता का’ या प्रश्नाला खरे उत्तर मिळत नाही, आणि मिळेल अशी अपेक्षाही धरता येत नाही. पण रोज दारू घेणाऱ्याला भुलीच्या औषधांची मात्रा वेगळी लागू शकते आणि दारू एकाएकी बंद झाल्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्याचे हात थरथरू लागतात, तो असंबद्ध बोलतो, प्रसंगी त्याला झटके येतात. तेव्हा ‘भुलीने डोक्यावर परिणाम झाला’ असा बोभाटा होतो आणि मूळ कारण झाकलेलेच राहते. नातेवाइकांनी भूलतज्ज्ञाला रुग्णाशी पाच मिनिटे एकांतात बोलू द्यावे. विडी-सिगारेट ओढणाऱ्याने ती शस्त्रक्रियेपूर्वी काही आठवडे सोडणे उत्तम, पण आदल्या दिवशी सोडली तरी रक्तातील कार्बन मोनॉक्साइड उतरून प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता सुधारते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर मणक्यात सुई घातल्यावर आत रक्त साचून पाय लुळे पडण्याचा धोका संभवतो. म्हणून घरातील सर्व गोळ्यांची पाकिटे पिशवीत घालून आणावीत, आणि कोणती गोळी घ्यावी वा थांबवावी हे स्वतः ठरवू नये. हलणारा दात, काढता येणारी कवळी आणि पूर्वीच्या भुलीत झालेला त्रास यांची माहितीही न विचारता द्यावी.

मणक्यातील भुलीविषयी बंदरावरच्या भगिनींशी वेगळे बोलायला हवे. सिझेरियन झालेल्या बाईची पाठ आयुष्यभर दुखते आणि ते ‘कमरेतल्या इंजेक्शनमुळे’, ही समजूत इतकी घट्ट आहे की काही जणी त्या भीतीने अधिक जोखमीची संपूर्ण भूल मागतात. प्रौढ माणसाचा मज्जारज्जू, म्हणजे मेंदूपासून पाठीच्या कण्यातून खाली येणारा मज्जातंतूंचा दोर, कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. केसासारख्या बारीक टोकाची सुई त्याच्या खालच्या जागेत घातली जाते आणि दोन-अडीच मिलिलिटर औषध सोडले जाते. त्यानंतर काही जणींना काही दिवस डोके दुखण्याचा त्रास होऊ शकतो आणि त्यावर उपचार आहेत. परंतु वर्षानुवर्षांच्या पाठदुखीची कारणे गरोदरपणात कण्यावर आलेला ताण, बाळंतपणानंतर न मिळालेली विश्रांती आणि डोक्यावरची मासळीची पाटी यांत शोधावी लागतात. या भुलीत रक्तवाहिन्या सैल होऊन रक्तदाब झपाट्याने उतरतो, शिवाय आई उताणी झोपल्यास गर्भाशयाचा भार मोठ्या शिरेवर पडून हृदयाकडे रक्त कमी येते. म्हणून भूलतज्ज्ञ तिला किंचित डावीकडे कलते ठेवतात, सलाईन आणि रक्तदाब सावरणारे औषध देतात, आणि तिला मळमळते आहे असे ती म्हणताच रक्तदाब आधी पाहतात. आई जागी असते, बाळाचे पहिले रडणे ऐकते, आणि तिच्या डोक्याशी बसून तिच्याशी बोलत राहणारी व्यक्ती बहुधा भूलतज्ज्ञच असते. जन्मल्याबरोबर बाळाची प्रकृती पाहून गुण देण्याची जी पद्धत आज जगभर वापरली जाते, ती १९५३ मध्ये प्रसिद्ध करणाऱ्या डॉ. व्हर्जिनिया ॲपगार याही भूलतज्ज्ञच होत्या.

बिलातील भुलीच्या रकमेवरून होणारी घासाघीस आणि रुग्णाला शुद्ध यायला थोडा उशीर होताच जेटीवरून चाळीस-पन्नास माणसांनी रुग्णालयात धाव घेणे, या दोन गोष्टींबद्दल अधिक लिहिण्याची गरज नसावी. एकीची ताकद मोठी आहे. ती रक्तदानाला लागावी.

भूलतज्ज्ञांच्या बाजूनेही उणिवा आहेत आणि त्या झाकणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. जिल्ह्याच्या ठिकाणी बरेच भूलतज्ज्ञ एका रुग्णालयातून दुसऱ्या रुग्णालयात बोलावण्यावरून जातात, आणि त्यामुळे रुग्ण त्यांना प्रथमच पाहतो तो शस्त्रक्रियेच्या टेबलावर आडवा झाल्यावर. हे बदलायचे असेल, तर मागणी आपल्याकडून यायला हवी. ठरवून केलेल्या प्रत्येक शस्त्रक्रियेपूर्वी भूलपूर्व तपासणी, म्हणजे भूलतज्ज्ञांनी रुग्णाची माहिती घेऊन, छाती, तोंड, मान आणि पाठ तपासून कोणती भूल योग्य हे ठरवण्याची भेट, आपण हक्काने मागावी; भूल देणाऱ्यांचे नाव विचारावे; प्राणवायूचा पुरवठा, पल्स ऑक्सिमीटर आणि कॅप्नोग्राफ उपलब्ध आहेत का, आणि शस्त्रक्रियेनंतर रुग्ण पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत त्याच्याजवळ प्रशिक्षित माणूस असेल का, हेही विचारावे. असे प्रश्न विचारले म्हणून कोणाही जाणत्या डॉक्टरला राग येण्याचे कारण नाही.

सरकारी रुग्णालयांबाबतची विनंती याहून मोठी आहे. २०२३ मध्ये रत्नागिरीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, ही जिल्ह्यासाठी मोलाची गोष्ट आहे; परंतु तालुक्याच्या रुग्णालयात स्त्रीरोगतज्ज्ञ असूनही भूलतज्ज्ञ नसेल, तर अडलेल्या बाळंतिणीला तेथून पुढे पाठवण्यावाचून गत्यंतर राहत नाही, आणि घाटरस्त्यावरचा तो प्रवास आई आणि बाळ या दोघांच्याही जिवावर बेततो. ही उणीव भरून काढण्यासाठी केंद्र सरकारने एमबीबीएस डॉक्टरांना आरंभी अठरा आठवड्यांचे जीवरक्षक भूल-प्रशिक्षण देण्याची योजना आखली, आणि तिचा उपयोग आहे. मात्र गुंतागुंतीच्या रुग्णासाठी ते प्रशिक्षण तज्ज्ञाची जागा घेऊ शकत नाही. भूलतज्ज्ञाचे काम शस्त्रक्रियागृहापुरतेही नसते. १९५२ मध्ये कोपनहेगनमध्ये पोलिओची साथ आली तेव्हा श्वास थांबलेल्या रुग्णांना गळ्यातील नळीवाटे हाताने श्वास देत राहण्याचा मार्ग ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञांनी दाखवला आणि त्यातूनच आजचे अतिदक्षता विभाग उभे राहिले. कोविडच्या काळात व्हेंटिलेटरवरील माणसांना ज्यांनी सांभाळले त्यांत भूलतज्ज्ञ आघाडीवर होते. आणि नाग किंवा मण्यार चावून श्वासाचे स्नायू लुळे पडलेल्या माणसाला विष उतरेपर्यंत जगवून ठेवण्याचे कामही पुष्कळदा त्यांच्याकडेच येते. बंदरातील गाळ, डिझेलचा परतावा आणि परराज्यांतील नौकांची घुसखोरी यांसाठी मच्छीमारांच्या संस्था जी शिष्टमंडळे नेतात, जी निवेदने देतात, त्यांत जिल्ह्यातील भूलतज्ज्ञांच्या रिक्त जागा भरण्याची मागणीही यापुढे लिहिली जावी.

शेवटची विनंती वेळेविषयी आहे. १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात नौका किनाऱ्याला लागतात आणि वर्षभर पुढे ढकललेली हर्नियाची, हायड्रोसीलची, मूळव्याधीची दुखणी एकदम रुग्णालयात येतात. जुलैच्या अखेरीस तर हंगाम सुरू होण्याआधी उरकून टाका म्हणून घाई होते, आणि नेमक्या त्याच दिवसांत पावसाने खोकला-सर्दी धरलेली असते, जी भूल देताना श्वासनलिका आकसण्यास कारणीभूत होते. भूलपूर्व तपासणी मे महिन्यातच करून घेतली, तर रक्तदाब, साखर आणि छातीचा विकार आटोक्यात आणायला तीन-चार आठवडे मिळतात, शस्त्रक्रिया जूनच्या पहिल्या पंधरवड्यात होऊ शकते आणि विंचवर पुन्हा हात घालण्यापूर्वी टाके भरून यायलाही वेळ उरतो. मच्छीमार सोसायट्यांनी मे महिन्यात त्यासाठी एक दिवस ठरवावा. रत्नागिरीतील भूलतज्ज्ञांना बोलावणे पाठवल्यास ते बंदरावर येतील.



आपला नम्र,
रत्नागिरीतील एक भूलतज्ज्ञ